जुना एसी दुरुस्त करावा की नवा घ्यावा? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोलापुरात घरोघरी एसी सुरू होतात आणि त्याच आठवड्यात "थंडच होत नाही, आता काय करू?" ही विचारणाही सुरू होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळी उत्तरं घरगुती स्प्लिट एसीसाठी आहेत. रकमा अंदाजाने धराव्यात, दुकानागणिक आणि कंपनीगणिक त्यात फरक पडतो.

१. एसीचं आयुष्य किती असतं? आमच्या एसीला १० वर्षं झाली, आता बदलायलाच हवा का?

नुसत्या वयावरून एसी बदलू नका. घरगुती स्प्लिट एसी साधारण १० ते १५ वर्षं चालतो, पण खरं आयुष्य मोजायचं ते चाललेल्या तासांत. सोलापुरात घरचा एसी मुख्यतः मार्च ते जून चालतो. मुंबईत दमटपणामुळे तो वर्षातले बरेच महिने चालू असतो, शिवाय खाऱ्या हवेने तिथली कॉइल (गॅस फिरतो ती नळ्या-पट्ट्यांची जाळी) लवकर खराब होते. आपल्याकडे हवा कोरडी असल्याने कॉइल जास्त टिकते. उलट बाजूही आहे: इथला एसी चालतो तेव्हा बाहेर ४२-४३ अंश असतात, म्हणजे कॉम्प्रेसरवरचा ताण मोठा. त्यात धूळ.

वयापेक्षा तीन गोष्टी विचारा: नेमका कोणता भाग गेलाय, आत कोणता गॅस आहे, आणि तो भाग अजून मिळतो का. १२ वर्षांच्या एसीचा कॅपॅसिटर (प्रश्न ४) गेला तर बदलून मोकळं व्हा. ६ वर्षांच्या एसीची कॉइल दोन ठिकाणी गळत असेल आणि नवी मिळत नसेल, तर तो वयाने तरुण असूनही सोडून द्यावा लागतो.

२. एसी थंड करत नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी घरी काय पाहता येईल?

आधी रिमोट बघा: मोड "कूल"वर आहे का, "फॅन" किंवा "ड्राय"वर गेलाय का. मग इनडोअरची, म्हणजे खोलीतल्या युनिटची, जाळी काढून उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर धुवा, सावलीत वाळवा आणि परत लावा.

त्यानंतर आउटडोअर, म्हणजे बाहेरचं युनिट. बहुतेक घरांत याच्या मागच्या बाजूकडे वर्षभर कुणी बघत नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास, जिथे यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने आहेत, तिथे कॉइलवर सुताच्या तंतूंचा थर बसतो. लांबून तो राखाडी रंगासारखा वाटतो. नखाने ओढला तर लोकरीच्या चादरीसारखा सोलून येतो. या थराखाली कॉइलला हवाच मिळत नाही, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर तापतो आणि बंद पडतो. मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने तो वरून खाली झाडून घ्या आणि मग साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. गाडी धुण्याचा जेट मारू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची अडते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर तेही टाळा, वाळल्यावर पांढरा थर बसतो.

शेवटी एक मोजमाप. एसी २० मिनिटं चालवा. साधा डिजिटल थर्मामीटर आधी इनडोअरच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते तिथे धरा, मग हवा बाहेर येते तिथे. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. अडचण खोलीची आहे (प्रश्न १२). फरक ३-४ अंशच असेल तर मेकॅनिकला बोलवा आणि हा आकडा त्याला सांगा.

३. दरवर्षी मेकॅनिक म्हणतो "गॅस संपलाय" आणि भरून जातो. एसी बदलू का?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं, आणि त्याचे पैसे दर उन्हाळ्यात जातात.

म्हणून एसी बदलण्याआधी गळती शोधून घ्या. ती फार वेळा इनडोअर किंवा आउटडोअरला पाइप जोडलेल्या पितळी फ्लेअर नटवर असते. गॅसबरोबर थोडं तेलही झिरपतं, त्यामुळे तिथे तेलकट डाग पडतो आणि त्याला धूळ चिकटून काळी किनार तयार होते. ही खूण तुम्हालाही दिसते. नटवरची गळती असेल तर पाइपचं तोंड कापून नवं फ्लेअर करणं (तोंड पसरवून घेणं) हे अर्ध्या तासाचं, थोड्या पैशांचं काम आहे. त्यासाठी एसी टाकून देऊ नका.

गॅस भरण्याचं नीट काम असं होतं. उरलेला गॅस काढून घ्यायचा. कोरडा नायट्रोजन दाबाने भरून प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा शोधायचा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही. आतल्या तेलाशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो. गळती बंद केली की व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा, पंप बंद करून गेजचा (दाबमापकाचा) काटा जागेवर राहतो का पाहायचं, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम भरायचे. पाइपला हात लावून "झालं गार" म्हणणाऱ्याने वजनही केलेलं नसतं आणि व्हॅक्यूमही. आत राहिलेली हवा आणि ओल पुढे कॉम्प्रेसर खाते.

गळती कॉइलच्या आत निघाली तर प्रश्न ८ पाहा.

४. बाहेरचा पंखा फिरतो, पण थंडावा नाही. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला. खरं कसं कळणार?

या एका वाक्यावर सोलापुरात दर उन्हाळ्यात अनेक चांगले एसी भंगारात जातात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

इन्व्हर्टर एसी गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीत कॉम्प्रेसरला सुरू व्हायला कॅपॅसिटरची मदत लागते. तो गोल, चकचकीत डब्यासारखा असतो आणि त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. दीड टनाला बहुधा ४५ ते ६०. उन्हात हा भाग आतून वाळतो. वरचं झाकण फुगलं असेल तर तो गेला हे डोळ्यांनीच दिसतं. फुगलेला नसेल तर मीटरवर मोजावा. छापील आकडा ५० आणि मीटरवर ३८ आला, तर कॉम्प्रेसर घूंऽऽ करतो, काही सेकंद खूप करंट ओढतो आणि टक् आवाज होऊन बंद पडतो. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. कॅपॅसिटर काही शे रुपयांत बदलून होतो. घरी हात घालू नका. वीज बंद केल्यावरही त्यात झटका देण्याइतका भार उरतो.

कॅपॅसिटर ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन टोकांवर ओहममध्ये मोजायचं: कॉमन, स्टार्ट, रन. स्टार्ट-रनचं मोजमाप बाकी दोन जोड्यांच्या बेरजेएवढं यायला हवं. कॉमनकडून काहीच येत नाही, पण स्टार्ट-रन बरोबर येतंय, असं झालं तर घाई करू नका. तापल्यावर आतलं संरक्षण उघडतं आणि कॉमन तुटल्यासारखं दाखवतं. दोन-तीन तास थंड होऊ द्या आणि पुन्हा मोजा. भर दुपारी तापलेल्या कॉम्प्रेसरवर दिलेला निकाल सकाळी बदललेला आढळतो.

कॉम्प्रेसर खरंच गेला असं केव्हा म्हणायचं? थंड असतानाही वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तुटलेलं दिसतं. किंवा टोक आणि बाहेरचा पत्रा यांच्यात वीज वाहते आणि एमसीबी लगेच पडतो. किंवा नवा कॅपॅसिटर, पुरेसं व्होल्टेज असूनही तो जाम आहे. किंवा चालतो पण दाबच तयार करत नाही. यांपैकी काय सापडलं, ते मेकॅनिकला विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरा बोलवा.

५. कॉम्प्रेसर खरंच गेलाय. नवा टाकावा का?

वॉरंटीत असेल तर जरूर (प्रश्न १४). वॉरंटीबाहेर, ७-८ वर्षांपुढच्या एसीत सहसा टाकू नये. दीड टनाला कॉम्प्रेसर, गॅस, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) आणि मजुरी धरून १० ते १६ हजारांपर्यंत जातात आणि बाकीचं यंत्र जुनंच राहतं.

टाकायचाच असेल तर तो का गेला हे आधी ठरवा. वाइंडिंग जळलं असेल तर आतलं तेल काळं आणि आंबूस वासाचं होतं. ते आम्ल सगळ्या नळ्यांत पसरलेलं असतं. नळ्या धुऊन, नायट्रोजनने फुंकून, ड्रायर बदलून आणि केशनळी (गॅस जाते ती केसासारखी बारीक नळी) तपासूनच नवा कॉम्प्रेसर बसवावा लागतो. एवढं केलं नाही तर नवा कॉम्प्रेसर एका उन्हाळ्यात जातो आणि दोष कंपनीला दिला जातो. कोटेशनमध्ये "फ्लशिंग" आणि "ड्रायर" हे शब्द नसतील तर ते लिहून घ्या.

६. आमचा एसी आर-२२ गॅसचा आहे. हा गॅस मिळायचा बंद होणार का?

आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भारत तो टप्प्याटप्प्याने बंद करत आहे आणि २०३० हे त्याचं मोठं वळण आहे. त्यानंतर जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता अगदी थोडा वापर उरतो. आज गॅस मिळतो, पण पुढे पुरवठा आटत जाणार.

याचा व्यवहारातला अर्थ: आर-२२ चा एसी बिनगळतीचा असेल तर घाबरून काढू नका, चालेल तितका चालवा. कॅपॅसिटर, पंख्याची मोटर, सेन्सर असले भाग बेलाशक बदला, कारण त्यांत गॅसला हात लागत नाही. पण कॉम्प्रेसर, कॉइल अशी गॅसचं सर्किट उघडणारी मोठी दुरुस्ती निघाली की तिथे थांबा. गॅस कोणता ते आउटडोअरच्या बाजूच्या पट्टीवर छापलेलं असतं.

७. आर-२२ च्या एसीत आर-३२ किंवा आर-४१०ए भरता येतो का? एकाने "चालतंय" म्हणून सांगितलं.

नाही. आर-४१०ए आणि आर-३२ यांचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपट असतो. जुनी कॉइल, जोड आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनवलेलेच नाहीत, तेलही वेगळं लागतं. आर-३२ वर ठिणगी पडली तर तो पेटू शकतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा पेट याहून कितीतरी जास्त. त्यासाठी खास बनवलेल्या एसीतच तो असतो. "स्वस्तात दुसरा गॅस टाकून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. यात घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

८. कॉइल गळतेय. वेल्डिंग करून घ्यावं की नवी कॉइल टाकावी?

कॉइल तांब्याची असेल आणि गळती टोकाच्या वाकड्या नळीवर, समोर दिसणारी असेल तर ब्रेझिंग (ज्योतीने तापवून डाग देणं) होतं आणि टिकतं. गळती पट्ट्यांच्या आत असेल तर तिथे ज्योत पोचत नाही. कॉइलच बदलावी लागते. ॲल्युमिनियमच्या कॉइलवरचं डागकाम फारसं टिकत नाही.

तांब्याला सूक्ष्म छिद्रं पडत असतील तर एक बुजवल्यावर महिन्याभरात शेजारी दुसरं उघडतं. त्यामुळे एकाच कॉइलवर दुसऱ्यांदा डाग देऊ नका. नवी मूळ कॉइल मिळते का विचारा. इनडोअरची कॉइल ६ ते १० हजार, वर गॅस. मग प्रश्न १० चा हिशोब लावा.

आर-३२ च्या यंत्रावर ज्योत लावण्यापूर्वी गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवलाच पाहिजे. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा.

९. इन्व्हर्टर एसीचं पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कार्ड) गेलं. सहा हजार सांगतात. करू का?

५-६ वर्षांच्या आतला एसी असेल आणि बाकी ठणठणीत असेल तर करा. पण कार्ड का गेलं ते बघा, नाहीतर नवंही जाईल. आउटडोअरचं झाकण उघडल्यावर कार्डावर चिकटून वाळलेली पाल दिसणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे: उबेला ती आत शिरते, दोन टोकांना अंग लागतं आणि पालीबरोबर कार्डही जळतं. मुंग्या आणि उंदीरही हेच करतात. नवं कार्ड बसवताना वायरी आत जातात ती भोकं सिलिकॉनने किंवा बारीक जाळीने बंद करून घ्या.

कार्डाची दुरुस्ती करणारेही आहेत. रिले, फ्यूज, पुरवठ्याचा भाग गेला असेल तर ती टिकते. कॉम्प्रेसर चालवणारा मॉड्यूल उडाला असेल तर नवं कार्ड बरं, आणि त्याआधी कॉम्प्रेसरचं वाइंडिंग तपासलंच पाहिजे. खराब कॉम्प्रेसर नवं कार्ड पहिल्याच दिवशी उडवतो. मॉडेल बंद झालंय आणि मूळ कार्ड मिळत नाही, तर "सर्वांना चालणारं" कार्ड इन्व्हर्टर एसीत लावू नका. साध्या एसीत ते चालून जातं.

१०. किती खर्चापर्यंत दुरुस्ती परवडते? काही ठोकताळा आहे का?

आहे, फक्त नव्या एसीची किंमत पूर्ण धरा. दीड टनाचा ३ स्टार इन्व्हर्टर ३५ ते ४० हजारांचा असला तरी बसवणी, स्टँड, जास्तीचा पाइप, लागलाच तर स्टॅबिलायझर आणि नवी वायर धरून आणखी ३ ते ६ हजार जातात. समजा एकूण ४२ हजार.

दुरुस्ती याच्या एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे १४ हजारांखाली, आणि एसी ८ वर्षांच्या आतला: दुरुस्ती करा. निम्म्याच्या वर, म्हणजे २१ हजारांपुढे: वय काहीही असो, नवा घ्या. १० वर्षांपुढच्या एसीवर मी एका वेळी ५-६ हजारांहून जास्त घालण्याच्या बाजूचा नाही. मधल्या रकमांना गॅस निकाल देतो: आर-२२ असेल तर नवा, आर-३२ किंवा आर-४१०ए असेल तर दुरुस्ती.

मागच्या दोन उन्हाळ्यांत केलेला खर्चही यात मिळवा. दर वेळी चार-चार हजार "एवढ्यावर भागतंय" म्हणत गेलेले असतात आणि बेरीज कुणी केलेली नसते.

११. नवा ५ स्टार घेतला तर वीजबिलातून पैसे वसूल होतील का?

फक्त रात्री आठ तास वापर असेल तर लवकर नाही. हिशोब करून पाहू.

जुना दीड टनाचा साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १.८ किलोवॉट ओढतो. आठ तासांत कॉम्प्रेसर ७० टक्के वेळ चालला तर रात्रीचे १० युनिट. नवा ५ स्टार इन्व्हर्टर त्याच खोलीत सुमारे ६ घेईल. रोजचे ४ युनिट, उन्हाळ्याच्या १०० रात्रींत ४००. युनिटला समजा १२ रुपये पडले तर वर्षाचे ४,८०० वाचले. ४८ हजारांचा एसी वसूल व्हायला १० वर्षं. चालू स्थितीतला एसी केवळ बिलासाठी बदलायचा विचार असेल तर तो सोडा. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असल्याने एसी दुपारीही चालतो, रोज १६ तास होतात, तिथे मात्र बचत दुपटीहून जास्त होते आणि बदलणं पटतं.

दर कोणता धरायचा इथे बहुतेकांची चूक होते. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर बराच जास्त असतो. तुमचं फेब्रुवारीचं बिल १८० युनिटचं आणि मेचं ४८० चं असेल, तर एसीचे ३०० युनिट १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० याच टप्प्यांत पडलेत. बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागून सरासरी धरू नका. मेचं बिल वजा फेब्रुवारीचं बिल, भागिले जादा युनिट, हा एसीचा खरा दर.

आणि ३ की ५ स्टार? लेबलवर वर्षाचे युनिट १,६०० तासांसाठी दिलेले असतात. दीड टनात ३ स्टार आणि ५ स्टारमध्ये साधारण २०० युनिटचा फरक दिसतो. तुमच्या ८०० तासांना (१०० रात्री, आठ-आठ तास) तो १०० युनिट, म्हणजे वर्षाला हजार-बाराशे रुपये. किमतीतला फरक ८ हजार असेल तर रात्रीपुरत्या वापराला ३ स्टारमध्ये काही कमीपणा नाही.

१२. रात्री छान गार होतं, पण मेच्या दुपारी एसी हरतो. एसी कमकुवत झाला का?

बहुतेक वेळा नाही. एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४३ झाले की तोच एसी कमी थंडावा देतो आणि वीज जास्त ओढतो. त्यात वरच्या मजल्याची आरसीसी स्लॅब दिवसभर तापून रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर हेच ऊन अडवायचा.

यावर एसी बदलण्याआधी स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो. मग आउटडोअरची जागा पाहा. मागे भिंतीपासून किमान १०-१५ सेंटिमीटर आणि समोर दोन फूट मोकळी जागा हवी. गॅलरी काचेने बंद केली आणि आउटडोअर आतच राहिलं, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. असा एसी कितीही नवा घ्या, दुपारी बंदच पडणार. आउटडोअरवर सावलीचा पत्रा चालतो, समोर काहीही नको. ओलं पोतं टाकू नका.

एवढं करूनही वरच्या मजल्यावरच्या १५० चौरस फुटांच्या खोलीत १ टनाचा एसी असेल, तर तो बिचारा आधीपासूनच लहान आहे. तेव्हा दीड टन घ्या.

१३. आमच्या जुन्या एसीवरही ५ स्टार आहेत. मग नव्याची गरज काय?

स्टारच्या शेजारचं वर्ष वाचा. स्टार ठरवण्याचा तक्ता काही वर्षांनी कडक होतो. २०१८ च्या तक्त्यात ५ स्टारला आयसीर (ISEER, पूर्ण हंगामाची सरासरी कार्यक्षमता; आकडा जितका मोठा तितकी वीज कमी) ४.५ पुरत होता. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५.० लागू लागला. म्हणजे ४.५ चा ५ स्टार एसी २०२२ मध्ये ४ स्टार ठरला. त्याहून जुन्या लेबलवर आयसीरऐवजी ईईआर (EER, एकाच ठरावीक तापमानाला मोजलेली कार्यक्षमता) असतो. त्या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. नवा घेताना स्टार मोजण्यापेक्षा आयसीर आणि वर्षाचे युनिट वाचा.

१४. कॉम्प्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी आहे. मग पैसे का मागतात?

कारण ती फक्त कॉम्प्रेसर या वस्तूची असते. गॅस, ड्रायर, मजुरी, ने-आण याचे पैसे बहुधा वेगळे लागतात आणि ते ४-६ हजारांपर्यंत जाऊ शकतात. तरीही ८ वर्षांच्या आर-३२ एसीत हा सौदा चांगला आहे. वॉरंटी कार्डात "गॅस चार्जिंगसह" लिहिलंय का ते वाचा. बिल आणि दोन्ही युनिटचे सिरियल नंबर फोटो काढून ठेवा. पट्टी उन्हाने पुसली जाते. बाहेरच्या माणसाने सर्किट उघडलं की कंपनी हात वर करू शकते, म्हणून वॉरंटी असेपर्यंत पहिला फोन कंपनीलाच.

१५. व्होल्टेज कमी-जास्त होतं. त्याने एसी गेला असेल का? नव्याला स्टॅबिलायझर लागेल?

संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम लागले की काही भागांत व्होल्टेज १८० च्या खाली येतं. साधा एसी तेव्हा सुरू होताना अडतो आणि बिघाड कॉम्प्रेसरचा वाटतो. मेकॅनिकने एसी चालू असताना व्होल्टेज मोजलं का, ते विचारा. बंद असताना २२० आणि चालू होताच १८५ येत असेल तर दोष घरच्या वायरीचा आहे. दीड टनाला मीटरपासून वेगळी, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या.

नव्या इन्व्हर्टर एसीवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असतं, ते दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेतच खरं. तुमच्याकडे मर्यादेबाहेर जात असेल तर लावा.

१६. फक्त आउटडोअर बदलून जुनं इनडोअर ठेवता येईल का? आणि जुनी कॉपर पाइप नव्याला चालते का?

आउटडोअर एकटं बदलू नका. कॉइलचा आकार, केशनळी, कार्ड हे सगळं जोडीने ठरलेलं असतं. साध्या एसीत त्याच मॉडेलचं वापरलेलं आउटडोअर मिळालं तर तेवढाच अपवाद.

पाइप बाहेरून गेलेली असेल तर नवीच टाका. भिंतीत गाडलेली असेल तर तपासून ठेवता येते: माप जुळायला हवं (दीड टनाला बहुधा दोन सूत आणि चार सूत, म्हणजे पाव आणि अर्धा इंच), जाडी ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी, आर-२२ चं जुनं तेल धुऊन काढायला हवं, फ्लेअर नवे करायला हवेत आणि नायट्रोजनचा दाब भरून रात्रभर काटा हलला नाही पाहिजे. काटा हलला तर भिंत फोडण्याऐवजी बाहेरून नवी पाइप न्या.

१७. एसीऐवजी कुलरवर भागवता येईल का?

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सोलापुरात कुलर उत्तम चालतो, खिडकी उघडी ठेवून. जूनमध्ये हवा दमट झाली की तो फक्त चिकचिक वाढवतो. पाणीही खूप पितो. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येतं तिथे हा विचार आधी करा, आणि बोअरच्या पाण्याने जाळ्या क्षाराने दगडासारख्या होतात. एसी जूनपर्यंत नव्याने घ्यायचा नसेल तर एक उन्हाळा काढायला कुलर पुरतो.

१८. नवा घ्यायचा ठरलं. कधी घ्यावा?

दिवाळी ते जानेवारी. एप्रिलमध्ये बसवणारे दिवसाला पाच-सहा घरं उरकतात आणि वगळलं जातं ते व्हॅक्यूम (प्रश्न ३). २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो दर आहे ना ते पाहा. जुना एसी धकवायचा असेल तर फेब्रुवारीत एक तास चालवून प्रश्न २ चं मोजमाप घ्या, म्हणजे निर्णय गर्दीत घ्यावा लागणार नाही.

१९. घर बदलतोय. ८ वर्षांचा एसी काढून न्यावा की इथेच विकावा?

काढणं, नेणं, बसवणं, पाइप आणि थोडा गॅस मिळून ४ ते ६ हजार लागतात. आर-३२ चा, बिनगळतीचा असेल तर न्या. आर-२२ चा असेल तर इथेच द्या. हलवताना जुने जोड हमखास सुटतात.

काढताना गॅस आउटडोअरमध्ये साठवून घेतला पाहिजे. एसी "कूल"वर चालू ठेवून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद करायचा आणि लगेच एसी बंद. हे सगळं मिनिट-दोन मिनिटांत होतं. काटा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ढिल्या जोडातून हवा आत ओढली जाते. कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल तर ही पद्धत चालत नाही, गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढावा लागतो.

२०. जुना एसी भंगारवाल्याला दिला तर चालेल का?

गॅस काढल्याशिवाय नको. भंगारवाला तांब्यासाठी पाइप सरळ कापतो. आर-२२ हवेत जातो, आर-३२ असेल तर कापणाऱ्यालाच धोका. ई-कचरा नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांनुसार जुन्या यंत्रांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून आधी नव्या एसीच्या दुकानात एक्स्चेंज विचारा, नाहीतर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून संकलन केंद्र विचारा. सुट्ट्या भागांत किंमत आहे ती तांब्याच्या कॉइलला आणि कॉम्प्रेसरला. चालू कॉम्प्रेसर असेल तर भाव ठरवताना तसं सांगा, आणि रिमोट, स्टॅबिलायझर, भिंतीवरचा स्टँड स्वतःकडे ठेवा. गंजला नसेल तर तोच स्टँड नव्याला चालतो.